हॅलिफॅक्स कमी खर्चात, गाडीशिवाय: अडीच दिवसांचा क्रम

मे उजाडला की आमच्याकडे, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्समध्ये, फोन सुरू होतात. ब्रॅम्प्टनचा मावसभाऊ, मिसिसागाचे जुने शेजारी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले कुणाचे तरी आईबाबा. "शुक्रवारी रात्री पोचतोय, रविवारी परत. काय काय बघायचं?" आणि रविवारी निघताना हमखास एक वाक्य: "छान आहे गाव, पण महाग आहे बुवा!"

दोन-तीन जणांचा हिशोब मी त्यांच्यासमोर बसून काढला. पैसे गेले होते विमानतळाच्या टॅक्सीत, बंदरावरच्या जेवणात आणि धुक्यात वाया गेलेल्या भाड्याच्या गाडीत. पाहिलेल्या जागांपैकी निम्म्याहून जास्त फुकट होत्या. म्हणून इथं ठिकाणांची यादी देत नाही. कशानंतर काय करायचं, एवढंच लिहितो. हा क्रम मे ते ऑक्टोबरसाठी आहे. हिवाळ्यात यातलं बरंच बंद असतं आणि जे उघडं असतं तिथंही वारा उभं राहू देत नाही.

## टप्पा १: निघण्याआधी घरी बसून करायची कामं

क्रूझचं वेळापत्रक बघा. हॅलिफॅक्स बंदरात कुठल्या दिवशी किती क्रूझ जहाजं लागणार, हे बंदराच्या वेबसाइटवर आधीच दिलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात एकाच दिवशी दोन-तीन मोठी जहाजं लागतात. त्या दिवशी पेगीज कोव्ह या दीपगृहाच्या गावी जाऊ नका, बंदरावरही दुपारी फिरकू नका. शक्य असेल तर तारीखच एक दिवस पुढेमागे करा.

राहण्याची सोय. उन्हाळ्यात विद्यार्थी घरी गेले की डलहौजी आणि सेंट मेरीज या दोन्ही विद्यापीठांतल्या वसतिगृहांच्या खोल्या पाहुण्यांना मिळतात. खोली साधी असते, न्हाणीघर बऱ्याचदा सामायिक, पण शहराचा मध्य चालत जाण्याजोगा. "स्वस्त हॉटेल" शोधत बंदरापलीकडच्या डार्टमथच्या औद्योगिक भागात किंवा बेडफर्डच्या हमरस्त्यालगत खोली घेतलीत, तर वाचवलेले पैसे येण्याजाण्यात जातील.

तिकिटाची सवलत कुणाला लागू, ते आधी ठरवा. पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेच्या सगळ्या जागांवर (इथला सिटाडेल किल्ला त्यांचाच) १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. नुकतंच पीआर (कायमचं वास्तव्य) मिळालेल्यांना किंवा नागरिक झालेल्यांना कॅनू नावाच्या अ‍ॅपवर देशभरातल्या अनेक संग्रहालयांत मोफत जाता येतं. व्हिजिटर व्हिसावरचे आईवडील आणि स्टडी परमिटवरची मुलं त्यात बसत नाहीत. अ‍ॅपची नोंदणी घरूनच करा, तपासणीला वेळ लागतो. २०२५ मध्ये २० जून ते २ सप्टेंबर केंद्र सरकारनं पार्क्स कॅनडाच्या जागा सगळ्यांनाच मोफत ठेवल्या होत्या. तुमच्या तारखांना अशी काही योजना आहे का, हे बघितल्याशिवाय ऑनलाइन तिकीट काढू नका.

बॅगेत काय हवं. वारा अडवणारं जॅकेट, जुलैतही. पकड असलेले बूट. पाण्याची बाटली, कारण नळाचं पाणी इथं निर्धास्त पितात. आणि एक रिकामा डबा. तो कशासाठी, ते पुढे येईल.

> तपासा: क्रूझच्या तारखा पाहिल्या? खोलीपासून शहराच्या मध्यातला स्प्रिंग गार्डन रोड चालत वीस मिनिटांच्या आत आहे? सवलत कुणाला आणि कुठली, हे कागदावर आहे? तीनही उत्तरं "हो" असतील तरच पुढे.

## टप्पा २: विमानतळावरून शहरात

स्टॅनफिल्ड विमानतळ शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. टॅक्सीचा दर ठरलेला असतो, घासाघीस चालत नाही. एकट्यादुकट्यानं तो द्यायची काही गरज नाही. हॅलिफॅक्स ट्रान्झिटची ३२० क्रमांकाची बस थेट शहराच्या मध्यात आणून सोडते. तिचं तिकीट नेहमीच्या बसपेक्षा थोडं जास्त आहे, पण टॅक्सीच्या एका फेरीत अशा कितीतरी फेऱ्या होतील. चौघं असाल, सामान जड असेल आणि रात्रीचे अकरा वाजले असतील, तर मात्र सरळ टॅक्सी करा. तिथं काटकसर दाखवून म्हाताऱ्या माणसांना थांब्यावर कुडकुडत ठेवू नका.

इथं तीन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली, नोट. बसमध्ये रोख चालते, पण चालक सुटे देत नाही. वीसची नोट टाकलीत तर वीस गेले. एचएफएक्सगो हे तिकिटाचं अ‍ॅप विमानात बसण्याआधीच फोनवर घ्या, नाहीतर नाणी मोजून खिशात ठेवा.

दुसरी, ट्रान्सफर. रोखीनं तिकीट काढलंत की चालकाकडून ट्रान्सफरचा कागद मागून घ्यायचा. त्यावर दोन तास दुसरी बस किंवा फेरी (बंदर ओलांडणारी बोट) चालते. मी इथं आलो त्या आठवड्यात तो कागद बसचं तिकीट समजून उतरताना कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पुढच्या बसला पुन्हा पूर्ण पैसे मोजले. दोन दिवस हेच केलं. तिसऱ्या दिवशी एका शाळकरी पोरानं थांबवून सांगितलं.

तिसरी, मुलांची तिकिटं. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही, तरी लोक काढतात.

## टप्पा ३: डबा भरून घ्या

हा टप्पा सगळे वगळतात आणि पैसे इथंच जातात. क्वीन स्ट्रीटवर सोबीज आहे, बॅरिंग्टन स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला अ‍ॅटलांटिक सुपरस्टोअर. पहिल्या सकाळी दोन्हींपैकी जे जवळ असेल तिथं जा. ब्रेड, दही, फळं, काकडी, चीज. रोजच्या शिध्यावर कर लागत नाही. रिकामा डबा यासाठी आणायचा होता. घरून दशम्या आणि कोरडी चटणी आणली असेल तर प्रश्नच मिटला.

बाहेर जेवाल तेव्हा मेन्यूवरचा आकडा खरा धरू नका. नोव्हा स्कोशियात, म्हणजे हॅलिफॅक्सच्या प्रांतात, १ एप्रिल २०२५ पासून विक्रीकर १४ टक्के आहे, आधी १५ होता. म्हणजे २० डॉलरचं ताट करासह २२.८० आणि १५ टक्के टिप धरली की २५.८०. चौघांचे शंभराच्या वर. ते एकदा करा, रोज नको.

इथलं प्रसिद्ध खाणं म्हणजे डोनेर. हॅलिफॅक्सचे लोक 'डोनेअर' म्हणतात. पिटा ब्रेडमध्ये मसालेदार मांसाचे काप आणि वर गोड सॉस, तो कंडेन्स्ड मिल्कचा. एक मोठा डोनेर दोघांना पुरतो.

> सावध: डोनेरचं मांस सहसा गोमांस असतं. खात नसाल तर मागवण्याआधी विचारा. पाटीवर लिहिलेलं असेलच असं नाही. सूपासारख्या दिसणाऱ्या चाउडरमध्येही बऱ्याचदा बेकन असतं.

## टप्पा ४: पहिला दिवस, वरून खाली

हॅलिफॅक्सचा मध्य उतारावर वसलाय. वर सिटाडेलची टेकडी, खाली बंदर, आणि मधल्या गल्ल्या जिन्यासारख्या खाली उतरतात. बहुतेक लोक बंदरावर सुरुवात करतात, कारण फोटोत तेच दिसतं. मग भर दुपारी टेकडी चढतात, अर्ध्यात दमतात आणि टॅक्सी बोलावतात. आधी वर जायचं आणि दिवसभर खाली उतरत यायचं. एवढं पाळलं की पहिल्या दिवशी टॅक्सी लागतच नाही.

४.१ सिटाडेल, सकाळी ११.१५. बसनं स्प्रिंग गार्डन रोडच्या वरच्या टोकाला उतरा आणि सॅकव्हिल स्ट्रीटच्या बाजूनं टेकडीवर या. बंदराच्या बाजूपेक्षा हा चढ सोपा. नाताळ सोडून वर्षातल्या प्रत्येक दिवशी दुपारी बारा वाजता इथं तोफ डागतात. किल्ल्याच्या आत जायला उन्हाळ्यात तिकीट लागतं, बाहेरचा गवताळ उतार मात्र सगळ्यांना मोकळा. तोफ डागताना बघायची असेल तर आत जा आणि पावणेबारापर्यंत तटावर जागा धरा. आवाज ऐकण्यातच आनंद असेल तर शहराकडच्या उतारावर, जुन्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी बसा. तिथून बंदर समोर दिसतं आणि एक पैसाही लागत नाही. लहान मुलांना आधी सांगून ठेवा, दणका मोठा असतो. माझ्या भाच्यानं हातातला केळ्याचा तुकडा थेट शेजारच्या बाईंच्या पर्समध्ये टाकला होता.

माझं मत विचाराल, तर सह्याद्रीतले गड पाहिलेल्यांनी आतल्या तिकिटाचा फार आग्रह धरू नये. मुलं बरोबर असतील तर धरा. त्यांना तिकीट नाही आणि घागऱ्यासारखा किल्ट घातलेले पहारेकरी त्यांना फार आवडतात.

४.२ पब्लिक गार्डन्स, साडेबारा. टेकडीवरून दहा मिनिटांवर, स्प्रिंग गार्डन रोड आणि साऊथ पार्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. प्रवेश मोफत. डबा इथल्या बाकावर उघडायचा. सायकल आणि कुत्री आत चालत नाहीत, त्यामुळे शांतता असते. हिवाळ्याच्या तोंडावर येणार असाल तर बाग उघडी आहे का, ते आधी बघा. नोव्हेंबरात येऊन फाटकाला हात लावून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

४.३ सेंट्रल लायब्ररी, दुपारी दोन. लायब्ररी कशाला बघायची, म्हणून लोक पुढे निघून जातात. स्प्रिंग गार्डन रोडवरून खाली येताना एकमेकांवर तिरकी ठेवलेली काचेची खोकी दिसली की तीच. २०१४ मध्ये उघडली. सरळ पाचव्या मजल्यावर जा. बाहेर गच्ची आहे, एका बाजूला सिटाडेल, दुसऱ्या बाजूला बंदर. हॉटेलांच्या गच्चीवर ज्या दृश्यासाठी पेयाचे पैसे मोजायचे, ते इथं फुकट. स्वच्छतागृह आहे, वायफाय आहे, बाटली भरून घेता येते, फोन चार्ज होतो. दुपारी पाऊस आला तर इथंच थांबा, कुणी उठवत नाही. रविवारी ती उशिरा उघडते, हे लक्षात असू द्या.

४.४ बंदरावरची लाकडी वाट, चारनंतर. सीपोर्टपासून कसिनोपर्यंत पाण्याच्या कडेनं सुमारे चार किलोमीटर चालता येतं. दुकानं आणि आइस्क्रीमवाले वाटेत भेटतातच. मेरिटाइम म्युझियमच्या मागे 'अकेडिया' हे जुनं सर्वेक्षण जहाज बांधलेलं असतं. बाहेरून बघायला पैसे नाहीत.

४.५ फेरी, संध्याकाळी. शंभर लोकांना सांगून झालं तरी सांगतो. बंदरातल्या सहलीच्या बोटीचं तिकीट काढण्याआधी डार्टमथची फेरी घ्या. ही बससारखीच शहर वाहतुकीची सेवा आहे, तिकीटही बसचंच. फेरी टर्मिनलवरून डार्टमथच्या अ‍ॅल्डर्नी धक्क्याला जायला साधारण बारा मिनिटं लागतात. वरच्या डेकवर उभं राहा, परत येताना उजेड असलेल्या हॅलिफॅक्सकडे तोंड करून.

युक्ती ट्रान्सफरमध्ये आहे. तो दोन तास चालतो, म्हणून जाणं, पलीकडे पाऊण तास फिरणं आणि परत येणं, सगळं एकाच तिकिटात बसतं. वुडसाइडची फेरी वेगळी आहे. पाटी वाचून रांगेत उभे राहा.

> तपासा: ट्रान्सफरवरची वेळ वाचली? परतीच्या फेरीची वेळ बघितली? संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी फेऱ्या विरळ होतात. एक चुकली की पुढचीसाठी ट्रान्सफर संपलेला असू शकतो.

## टप्पा ५: दुसरा दिवस, हवा बघून

सकाळी उठल्यावर खिडकीतून बघा. ऊन असेल तर बाहेर, धुकं किंवा पाऊस असेल तर संग्रहालय. उलटं करू नका. आठ-आठ दिवस आधी वेळापत्रक ठरवून आलेले लोक उन्हाच्या दिवशी संग्रहालयात बसतात आणि पावसात समुद्राकडे जातात.

ऊन असेल तर: पॉइंट प्लेझंट पार्क. शहराच्या दक्षिण टोकाला ७५ हेक्टरचं जंगल, तीन बाजूंनी पाणी, आत गाड्यांना बंदी, प्रवेश मोफत. शहराच्या मध्यातून चालत पाऊण तास. २००३ च्या सप्टेंबरात हरिकेन हुआननं इथली बहुतेक झाडं एका रात्रीत आडवी केली. आज दिसते ती झाडी बरीचशी त्यानंतरची, तरुण. किनाऱ्याच्या वाटेनं एक फेरी मारायला दीड तास धरा.

दम असेल तर मॅक्डॉनल्ड पूल चालत ओलांडा. पदपथ आहे, पैसे नाहीत, खालून जाणारी जहाजं वरून दिसतात. जायला फेरी, यायला पूल, असा गोल छान होतो. वारा फार असेल तर नाद सोडा.

पाऊस असेल तर: एकच संग्रहालय निवडा. दोन करू नका, दुसऱ्यात पाय ओढत फिराल. माझी निवड मेरिटाइम म्युझियम. टायटॅनिकवरची खरी डेकची खुर्ची तिथं आहे आणि ६ डिसेंबर १९१७ च्या स्फोटाचं दालन आहे. बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटून अर्धं शहर उद्ध्वस्त झालं, ती गोष्ट. नुकतेच या देशात आलेल्यांना कदाचित पिअर २१ हे स्थलांतरितांचं संग्रहालय जास्त भिडेल. १९२८ ते १९७१ या काळात सुमारे दहा लाख माणसं तिथं बोटीतून उतरून कॅनडात आली. गुरुवार असेल तर संध्याकाळी पाचनंतर आर्ट गॅलरी ऑफ नोव्हा स्कोशियात प्रवेश मोफत असतो. मॉड लुईस या चित्रकार बाईंचं आतबाहेर रंगवलेलं इवलंसं घर अख्खंच्या अख्खं तिथं आणून ठेवलंय. निघण्याआधी वेबसाइटवर वेळ बघून घ्या.

दोन्ही हवांना चालेल असं: फेअरव्ह्यू लॉन दफनभूमी. टायटॅनिकच्या १२१ बळींना इथं पुरलंय. शहराच्या मध्यातून बस जाते. काही दगडांवर नाव नाही, फक्त एक क्रमांक आणि १५ एप्रिल १९१२ ही तारीख. मृतदेह ज्या क्रमानं समुद्रातून वर काढले, तो हा क्रमांक. 'जे. डॉसन' या दगडाभोवती सिनेमातल्या जॅकला शोधणारी गर्दी असते. तो इसम वेगळा, बॉयलरच्या कोळशावर काम करणारा. ही दफनभूमी वापरात आहे, आवाज जपून.

## टप्पा ६: पेगीज कोव्ह, तारीख न ठरवता

सगळ्या सहलीत पैसे खर्च करण्याजोगी ही एकच गोष्ट आहे, आणि हीच सर्वात जास्त फसते. गाव शहरापासून सुमारे ४३ किलोमीटरवर, शहराची बस तिथं जात नाही. गावात शिरायला आणि दीपगृह बघायला तिकीट नाही. खर्च फक्त पोचण्याचा.

तीन मार्ग आहेत. टूरची बस, एकट्यासाठी ठीक. भाड्याची गाडी, तिघं-चौघं असाल तर माणशी सर्वात स्वस्त. किंवा कम्युनॉटोची तासांवर मिळणारी गाडी. तिचं सदस्यत्व आणि परवान्याची तपासणी आधी करून ठेवावी लागते. ऐन वेळी अ‍ॅप उघडून गाडी मिळत नाही.

आता धुक्याचं. जूनमध्ये शहरात लख्ख ऊन आणि पेगीज कोव्हला हाताचं बोट दिसत नाही, असं हमखास होतं. माझे आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी पंधरा दिवस आधी गाडी ठरवली, पैसे परत न मिळणाऱ्या दरात, कारण बारा डॉलर वाचत होते. आम्ही दीपगृहाच्या पुढ्यात उभे होतो आणि बाबा विचारत होते, "कुठेय?" बारा डॉलर वाचवून अख्ख्या दिवसाचं भाडं धुक्यात घातलं.

तेव्हापासूनचा क्रम असा:

१. गाडी रद्द करता येईल अशाच दरात ठरवा, चार डॉलर जास्त गेले तरी.

२. निघायच्या सकाळी नोव्हा स्कोशिया वेबकॅम्सवर पेगीज कोव्हचा कॅमेरा उघडा. दीपगृह दिसत असेल तर निघा. नसेल तर टप्पा ५ आज करा आणि हे उद्यावर ढकला.

३. सकाळी नऊच्या आत पोचा. दहानंतर टूरच्या बसा येतात. सकाळ जमत नसेल तर दुपारी चारनंतर जा.

४. गाडी वरच्या माहिती केंद्रापाशी लावा. तिथं स्वच्छतागृह आहे. दीपगृहापर्यंत चालत दहा मिनिटं. थेट खाली गाडी घालायचा प्रयत्न केलात तर अरुंद रस्त्यात अडकाल.

५. गुडघे दुखणाऱ्यांसाठी २०२१ पासून सपाट लाकडी सज्जा आहे. व्हीलचेअर जाते. त्यांना खडकांवर ओढू नका.

> सावध, आणि हे गमतीनं घेऊ नका: पांढरट कोरड्या खडकांवर फिरा, काळ्या खडकांवर पाऊल टाकू नका. काळा म्हणजे ओला, म्हणजे लाट तिथवर येते. समुद्र शांत दिसत असतानाही मध्येच एक मोठी लाट येऊन माणूस ओढून नेते. माणसं गेली आहेत. कोकणात वाढलेल्यांना शेवाळलेला कातळ शिकवावा लागत नाही, पण इथं फोटोच्या नादात तेच लोक चपला घालून पाण्याकडे उतरताना दिसतात. इथलं पाणी जुलैतही हाडं गोठवणारं असतं.

गाडी हातात आहे म्हणून त्याच दिवशी लूननबर्ग आणि फंडीच्या उपसागराची भरती-ओहोटीही उरकू, हा मोह आवरा. लूननबर्ग शंभरएक किलोमीटरवर, फंडी दुसऱ्याच बाजूला. तिन्ही केलेल्यांना शेवटी फक्त पेट्रोलपंप आठवतात. पेगीज कोव्हनंतर वेळ उरला तर गाडी परत करा आणि बंदरावर जाऊन बसा.

## टप्पा ७: परतीचा दिवस

३२० ची बस पहाटेच्या विमानाला पुरत नाही. विमान सातच्या आधीचं असेल तर आदल्या रात्रीच टॅक्सी सांगून ठेवा. दुपारचं असेल तर जी बस पुरेल असं वाटतं तिच्या आधीची बस धरा, कारण तिच्या फेऱ्या फार नाहीत. शनिवार-रविवार असेल तर सकाळी सीपोर्टचा फार्मर्स मार्केट करून घ्या. बघायला पैसे नाहीत, आणि घरी न्यायला ब्लूबेरीचा जॅम विमानतळापेक्षा इथं बरा मिळतो. फक्त तो सामानाच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेतला जॅम सुरक्षा तपासणीत काढून घेतात. माझ्या वहिनीच्या तीन बाटल्या अशाच गेल्या.